ओळखीच्या हातून आलेला अनोळखी सल्ला

गेल्या महिन्यात एका गुरुवारी, अंक छपाईला पाठविण्याच्या ऐन धांदलीत, एक वयस्कर गृहस्थ कार्यालयात आले. आमचे जुने वर्गणीदार. डोंबिवलीत राहणारे, माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत वर्गणीच्या जुन्या पावत्या नीट घडी करून ठेवलेल्या. ‘यंदा वर्गणी भरता येणार नाही, तेवढे सांगायला आलो. अंक येत राहिला आणि पैसे दिले नाहीत, असे व्हायला नको,’ असे ते म्हणाले. वर्गणीची रक्कम ती केवढी! एवढ्यासाठी लोकलच्या गर्दीतून येण्याचे काही कारण नव्हते, दूरध्वनीवर सांगता आले असते. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले, शाळेच्या आठवणी झाल्या आणि मग तासाभराने खरी गोष्ट बाहेर आली.

निवृत्तीच्या वेळी मिळालेली ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाचे पैसे त्यांनी मुदतठेवीत ठेवले होते. त्यांतले साडेअठरा लाख रुपये तीन महिन्यांत गेले. कोणी घर फोडले नाही, कोणी धमकावले नाही. मोबाइलवर, कधीही न पाहिलेल्या माणसांनी सल्ला दिला आणि गुरुजींनी तो तंतोतंत पाळला. त्यांनी आम्हाला एकच विनंती केली. नाव छापू नका, पण लिहा. म्हणून आज हा विषय संपादकीयासाठी घेतला आहे. त्यांच्याजागी आपल्यापैकी कोणीही असू शकला असता, हे आमचे प्रामाणिक मत आहे.

अशी घटना कानावर आली की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘लोभ, दुसरे काय!’ ही प्रतिक्रिया सोयीची आहे, कारण ती बोलणाऱ्याला सुरक्षित करते. तो लोभी होता, आपण नाही, म्हणून आपल्याला धोका नाही. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर सेकंड क्लासचा पास काढला, शिकवणीची फी गरीब विद्यार्थ्याला माफ केली आणि मुलीच्या लग्नातही कर्ज काढले नाही, तो वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एकाएकी लोभी कसा होतो, याचे उत्तर त्या एका शब्दात मिळत नाही.

थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १२ टक्के व्याज मिळत असे. महागाईही त्या काळी काही कमी नव्हती, हे मान्य. तरीही नोकरदार मध्यमवर्गाची मनःशांती त्या आकड्यावर उभी होती. पोस्टातले बचतपत्र, आयुर्विम्याचा हप्ता, बँकेची ठेव आणि हा निधी, एवढ्यात त्याचे अर्थशास्त्र संपत होते. पैसे कुठे ठेवायचे, हा प्रश्नच नव्हता. म्हणून सल्ल्याचीही गरज नव्हती. नंतर हे व्याज पायरी पायरीने उतरत गेले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आले. त्याच सुमारास कोरोनाने सगळ्यांना घरात कोंडले आणि हातातल्या मोबाइलवर खाते उघडण्याची सोय झाली. २०२० साली देशातील डिमॅट खात्यांची संख्या चार कोटींच्या आसपास होती, ती २०२५ मध्ये वीस कोटींच्या पुढे गेली. ज्या समाजाला दोन पिढ्या पैशाविषयी विचार करावा लागला नव्हता, तो पाच वर्षांत बाजाराच्या मध्यभागी येऊन उभा राहिला. विचारायचे कोणाला, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ही पोकळी कोणीतरी भरणारच होते.

ती कोणी भरली, हे भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या आदेशांवरून कळते. हे आदेश सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. कायद्याच्या भाषेमुळे ते कंटाळवाणे वाटतात, पण चिकाटीने वाचणाऱ्याला त्यांत मनुष्यस्वभावाची अनेक चित्रे दिसतील. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीचे प्रकरण घ्या. जुलै २०२२ च्या उत्तरार्धात यूट्यूबवर दोन वाहिन्यांवरून या कंपनीची चित्रफीत झळकली. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी विकत घेणार आहे, एका अमेरिकी कंपनीने तिच्याशी चार भक्तिपर चित्रपटांसाठी अकराशे कोटी रुपयांचा करार केला आहे, असे त्यांत सांगितले होते. हे सारे खोटे होते. पैसे देऊन जाहिरात केल्याने या चित्रफिती लाखो लोकांपर्यंत पोहोचल्या. कंपनीच्या लहान भागधारकांची संख्या २,१६७ होती, ती थोड्याच अवधीत ५५,३४३ झाली. नव्याने आलेल्या त्या पन्नास हजारांहून अधिक माणसांना समभाग विकत होते कोण? कंपनीच्या प्रवर्तकांपैकी काही आणि त्यांच्याशी संबंध असलेली मंडळी. आधी आपापसांत खरेदी-विक्री करून भाव चढवायचा, मग चित्रफितीतून गर्दी गोळा करायची आणि गर्दीच्या गळ्यात आपल्याजवळचे कागद घालून निघून जायचे, अशी ही रीत. मार्च २०२३ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढला. मे २०२५ मध्ये अंतिम आदेश आला. त्यात ५९ जणांवर कारवाई झाली आणि बेकायदा कमावलेले सुमारे ५८ कोटी रुपये व्याजासह परत करण्यास सांगितले गेले. कारवाई झालेल्यांत चित्रपटसृष्टीतील एक परिचित चेहराही होता.

या प्रकरणातील ‘भक्तिपर चित्रपट’ हा तपशील आम्हाला सर्वांत बोचला. चार विनोदी चित्रपट, चार मारधाडीचे चित्रपट असेही खोटे सांगता आले असते. भक्तीच का? ऐकणारा कोण आहे, हे बोलणाऱ्याने आधीच ओळखले होते, हेच त्याचे कारण. ज्या घरात सकाळी देवापुढे निरांजन लागते, त्या घरातील माणसाला देवाच्या नावाने आलेली गोष्ट तपासून पाहण्याचा संकोच वाटतो. गुरुजींना ज्या गटात ओढले गेले, त्या गटात रोज पहाटे साडेपाचला गणपतीचे चित्र आणि ‘सुप्रभात’ येत असे, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ येत असे आणि त्यानंतर नऊ वाजता कोणते समभाग घ्यायचे ते येत असे. श्रद्धेचा असा वापर करणाऱ्यांबद्दल आपल्याला इतरत्र जेवढी चीड येते, तेवढी येथेही यायला हवी.

दुसरा प्रकार थोडा वेगळा आहे. तेथे समभाग विकायचे नसतात, ‘ज्ञान’ विकायचे असते. सल्लागार म्हणून व्यवसाय करायचा तर सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणी हवी, पात्रता हवी, नोंदी ठेवायला हव्यात. ‘आम्ही फक्त शिक्षण देतो’ असे म्हटले की हे सगळे टळते, असा एक समज पसरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या एका ‘शिक्षका’ला अंतरिम आदेशाने बाजारातून दूर केले आणि लोकांकडून गोळा केलेले १७ कोटींहून अधिक रुपये बाजूला काढून ठेवण्यास सांगितले. हे गृहस्थ शिष्यांना नफ्याची चित्रे दाखवीत होते. सेबीने त्यांचे स्वतःचे व्यवहार तपासले, तेव्हा त्यांत निव्वळ तोटा आढळला. डिसेंबर २०२५ मध्ये तर महाराष्ट्रातच शिबिरे घेणाऱ्या एका मराठी प्रशिक्षकाच्या संस्थेविरुद्ध ५४६ कोटी रुपये गोठविण्याचा अंतरिम आदेश निघाला. आदेश अंतरिम असल्याने त्यांच्या दोषाविषयी येथे निवाडा देण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु आकड्याकडे पाहावे. शिकण्यासाठी एवढा पैसा मोजणाऱ्यांत आपली, वरणभात खाणारी, हप्त्याने घर घेतलेली मराठी माणसेही मोठ्या संख्येने होती. ‘मराठी माणूस व्यापारात मागे’ या जुन्या सलीवर नेमके बोट ठेवले की आपला खिसा उघडतो, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे.

शिकून पुढे काय होते? सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तोट्याची सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. सर्व खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा हाती पडला तो जेमतेम एक टक्का लोकांच्या. याउलट २०२३-२४ या एकाच वर्षात दलाली संस्थांनी स्वतःच्या पैशाने केलेल्या व्यवहारांत सुमारे ३३ हजार कोटींचा, तर परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा नफा मिळविला, आणि त्यांतला बहुतेक नफा संगणकाच्या आज्ञावलीने केलेल्या व्यवहारांतून आला. सोसायटीच्या जिन्यात उभे राहून मोबाइलवर बोट दाबणारा आपला तरुण कोणाविरुद्ध खेळायला बसला आहे, याची त्याला कल्पना नसते. त्या वर्षी असे व्यवहार करणाऱ्यांत तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण ४३ टक्के होते. तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक पुन्हा खेळतच राहिले, हाही त्याच अभ्यासातील निष्कर्ष. द्यूताचे व्यसन म्हणतात ते हेच. फक्त फासे दिसत नाहीत.

आता गुरुजींकडे वळू. त्यांची कथा तिसऱ्या, अधिक क्रूर प्रकारात मोडते, कारण तेथे बाजारच नव्हता. समभाग नव्हते, खरेदी नव्हती, होता तो केवळ मोबाइलच्या पडद्यावरील देखावा. त्यांच्या जुन्या सहकारी शिक्षकांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. सेवानिवृत्ती समारंभांचे फोटो, कोणाच्या नातवाचे बारसे, कोणाला श्रद्धांजली, असा तो गट. त्यात एका सहकाऱ्याने एक चित्रफीत आणि खाली एक लिंक पाठविली. चित्रफितीत एक मान्यवर उद्योगपती गुंतवणुकीचा मार्ग सांगत होते. त्यांचाच चेहरा, त्यांचाच आवाज. ते खरे नव्हते, यंत्राने तयार केलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये रतन टाटांना आपल्या नावाने फिरणारी अशीच एक चित्रफीत खोटी असल्याचे जाहीर करावे लागले होते. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपल्या प्रमुखांच्या बनावट चित्रफितीबद्दल आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला गव्हर्नरांच्या बनावट चित्रफितींबद्दल लोकांना सावध करावे लागले. गुरुजींनी या बातम्या वाचल्या होत्या. पण बातमी वाचताना ती दुसऱ्याची असते, आणि चित्रफीत तर स्वतःच्या सहकाऱ्याने पाठविली होती.

लिंकवरून ते नव्या गटात गेले. गटात दीडशे माणसे. रोज कोणी ना कोणी ‘आज अठरा हजार सुटले’, ‘सरांमुळे मुलाची फी भरली’ असे लिहीत होते. ती माणसेही देखाव्याचाच भाग होती, हे नंतर पोलिसांनी सांगितले. एक ‘सहायिका’ रोज दुपारी विचारी, ‘सर, जेवण झालं का?’ पाच हजार भरले, सातशेचा नफा दिसला आणि तो खरोखरच बँकेत जमा झाला. हा सातशे रुपयांचा चारा या सापळ्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक भाग आहे. मग एक ॲप दिले गेले, नेहमीच्या ठिकाणाहून नव्हे तर लिंकवरून उतरवून घ्यायचे. ‘आयपीओ’त मोठा वाटा मिळाल्याचे दिसले. वाटा मिळाला म्हणजे पैसे भरलेच पाहिजेत, नाहीतर खाते गोठेल. ठेव मोडायला गुरुजी बँकेत गेले, तेव्हा खिडकीवरील मुलीने विचारले, ‘काका, एवढी रक्कम कशासाठी?’ बँकेत काय सांगायचे, हेही गटात शिकविलेले होते. गुरुजी म्हणाले, ‘घराची दुरुस्ती.’ आयुष्यात विद्यार्थ्यांना खोटे बोलू नका म्हणून सांगणारा माणूस आपल्या भल्यासाठी विचारणाऱ्या मुलीशी खोटे बोलला आणि पाठ देणाऱ्या अनोळखी माणसाशी प्रामाणिक राहिला. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलला.

पडद्यावर एकसष्ट लाख दिसू लागले, तेव्हा त्यांनी पैसे काढायचे ठरविले. उत्तर आले, वीस टक्के कर आधी भरा. त्यांनी जमेल तेवढा भरला. मग आणखी एक शुल्क. मग गट नाहीसा झाला.

अकरा दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी पत्नीला ठेवींच्या पावत्या सापडल्या नाहीत, तेव्हा सांगावे लागले. काकू फारशा शिकलेल्या नाहीत. पण वीस वर्षे त्यांनी बारा बायकांची भिशी चालविली आणि एका रुपयाचा घोटाळा होऊ दिला नाही. सगळे ऐकून घेतल्यावर त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले, ‘आपलेच पैसे काढायला पैसे का भरायचे? कापून नसते का घेता आले?’

गणिताच्या शिक्षकाला हा प्रश्न पडला नव्हता. आम्हाला वाटते, या सबंध विषयाचे मर्म काकूंच्या त्या प्रश्नात आहे. तीन महिने तो प्रश्न त्याच घरात, शेजारच्या खोलीत, पोळ्या लाटत बसलेला होता. विचारायला कोणी गेले नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगितल्यावर पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला, तो काही उगाच नव्हे. पैशाचा व्यवहार पुरुषाने पाहायचा आणि बाईने डब्यात साठवायचे, ही आपल्या घरांतील रीत आपण संस्कृती म्हणून जपली. ती संस्कृती नव्हे, सवय आहे, आणि महाग पडलेली सवय आहे. गृहिणीला गृहलक्ष्मी म्हणायचे आणि लक्ष्मी कुठे ठेवली आहे ते तिला सांगायचे नाही, यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटत नाही! अनोळखी ‘सहायिके’ने जेवणाची चौकशी केलेली आवडते आणि घरच्या माणसाने व्यवहाराची चौकशी केली तर अपमान वाटतो. पुरुषांच्या या वृत्तीविषयी आपल्या बैठकांत फारसे बोलले जात नाही.

येथे एक आक्षेप येईल. पूर्वी काय सगळे साधू होते? ओळखीच्यांनी फसविले नाही का? जरूर फसविले. गावोगावच्या पतसंस्थांनी, दामदुप्पट योजनावाल्यांनी, नात्यातल्याच एजंटांनी मराठी माणसाला किती बुडविले, याचा हिशेब काढला तर हा अंक पुरणार नाही. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या फसवणुकीत एक गोष्ट शिल्लक होती. दार ठाऊक होते. संचालकाच्या दारात जाऊन बसता येत असे, चार लोक गोळा करता येत, मोर्चा काढता येत असे. सल्ला देणाऱ्याला उद्या त्याच भाजीबाजारात तोंड दाखवायचे असे, आणि ही लाजच अनेकदा कायद्याचे काम करी. आजच्या सल्लागाराला दार नाही, चेहरा उसना आहे आणि आवाज यंत्राचा. जानेवारी ते एप्रिल २०२४ या चारच महिन्यांत गुंतवणुकीच्या नावाखालील अशा फसवणुकीच्या २०,०४३ तक्रारी केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राकडे नोंदल्या गेल्या आणि बुडालेली रक्कम १,४२० कोटींवर गेली. ज्यांनी लाजेपोटी तक्रारच केली नाही, ते यात नाहीत.

मग हा बिनचेहऱ्याचा माणूस घरात शिरतो कसा? आमच्या मते या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. तो स्वतःच्या बळावर क्वचितच शिरतो. त्याला कोणीतरी हात धरून आत आणतो, आणि तो हात ओळखीचा असतो. सोसायटीचा गट, भजनी मंडळाचा गट, माजी विद्यार्थ्यांचा गट, आणि स्पष्टच लिहायचे तर आपल्या कार्यकर्त्यांचे गट. एखाद्या प्रकल्पासाठी, एखाद्या उत्सवासाठी तयार केलेल्या गटात कोणीतरी सहज म्हणून ‘उपयुक्त माहिती’ पाठवितो. पाठविणाऱ्याने ती तपासलेली नसते, अनेकदा पुरती पाहिलेलीही नसते. त्याने स्वतः त्यात एक रुपया घातलेला नसतो. परंतु वाचणारा संदेश वाचत नाही, पाठविणाऱ्याचे नाव वाचतो. ‘अमुक अमुक यांनी पाठविले आहे, म्हणजे खरेच असणार.’ पंचवीस वर्षे घरोघरी जाऊन, लोकांच्या सुखदुःखात उभे राहून कार्यकर्त्याने जो विश्वास मिळविलेला असतो, तो असा एका बोटाच्या दाबाने अनोळखी चोराच्या नावावर जमा होतो. तो विश्वास त्याच्या एकट्याच्या मालकीचाही नसतो.

महाभारतात द्यूताचे निमंत्रण घेऊन इंद्रप्रस्थाला विदुर गेला होता. धृतराष्ट्राची आज्ञा होती, म्हणून जावे लागले. पण निमंत्रण सांगताना द्यूत हे अनर्थाचे मूळ आहे आणि आपण ते थांबविण्याचा प्रयत्न केला, हेही त्याने युधिष्ठिराला सांगितले. आज आपल्यातले अनेक जण निमंत्रण पोहोचविण्याचे विदुराचे काम मोठ्या उत्साहाने करतात. त्याने उच्चारलेले पुढचे वाक्य मात्र गळून पडते. विदुराला निदान आज्ञा होती. आपल्याला कोणाची आज्ञा असते?

शासनाने आणि सेबीने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२४ पासून नोंदणीकृत दलालांना आणि कंपन्यांना नोंदणी नसलेल्या समाजमाध्यमी सल्लागारांशी संबंध ठेवण्यास बंदी आली. जानेवारी २०२५ मध्ये ‘शिक्षणा’च्या नावाखाली चालू भाव वापरण्यासही मनाई झाली, शिकवायचे तर किमान तीन महिने जुने भाव वापरायचे. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला वेगळा यूपीआय पत्ता आणला गेला. हे सर्व योग्य झाले. पण २०२२ च्या जुलैमधील चित्रफितींवर अंतिम आदेश यायला मे २०२५ उजाडावा लागला, ही गती पाहता केवळ नियामकावर विसंबून चालणार नाही. आणि ज्या परदेशी समाजमाध्यम कंपन्या अशा जाहिरातींचे पैसे घेतात, त्यांना जाब विचारण्याची वेळ तर केव्हाच येऊन ठेपली आहे. एखाद्या दैनिकाने खोटी जाहिरात छापली तर संपादकाला न्यायालयात उभे राहावे लागते. पडद्यावर मात्र जाहिरातदारही मोकळा आणि जाहिरात दाखवणाराही मोकळा!

वाचकांच्या उपयोगाचे थोडे. सल्ला देणारा नोंदणीकृत आहे की नाही, हे सेबीच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून पाहता येते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने. नोंदणीकृत सल्लागार निश्चित परताव्याची हमी देऊ शकत नाही. जो देतो, त्याचा क्रमांक पाहण्याचीही गरज नाही. क्रमांकही दुसऱ्याचा उचललेला असू शकतो, म्हणून संकेतस्थळावरील पत्ता आणि दूरध्वनी यांच्याशी तो ताडून घ्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. गेलेला पैसा काही तासांत या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो. तो कोठे अडविता आला तर पहिल्या काही तासांतच. गुरुजींनी अकरा दिवस लाजेत घालविले. पोलिसांनी मन लावून प्रयत्न केले, पण तोवर खाती रिकामी झाली होती. त्यानंतर ‘तुमचे बुडालेले पैसे आम्ही परत मिळवून देतो’ असे सांगणारा आणखी एक अनोळखी दूरध्वनी आला आणि त्यालाही त्यांनी पस्तीस हजार रुपये दिले. एकदा फसलेल्यांची यादीही विकली जाते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

म्हणूनच आपल्या परिचयात कोणी असा पोळलेला असेल, तर त्याला ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न विचारू नये. तो प्रश्न त्याने स्वतःला रात्र रात्र विचारलेला असतो. त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे, बँकेचे कागद गोळा करून द्यावेत, आठवड्यातून एकदा चहाला जावे. आपली कार्यपद्धतीच मुळी संपर्काची. घरोघरी जाणे आपल्याला नवे नाही. त्या भेटींत मुलांच्या परीक्षा, तब्येत, उपवर मुलामुलींची स्थळे हे विषय निघतात, तसा बचतीचाही निघावा, आणि तो घरातल्या बायकांच्या समोर निघावा. काहींना हे आगाऊपणाचे वाटेल. वाटू द्यावे.

गुरुजींचा अंक आम्ही बंद केलेला नाही. त्यांनी फुकट घेण्यास साफ नकार दिला, तेव्हा पैसे सवडीने द्यावेत असे ठरले. काकू आता दोघांचे हिशेब स्वतःकडे ठेवतात. त्यांना ती चित्रफीत पाठविणारे सहकारी त्याच रस्त्यावर, चार इमारती पलीकडे राहतात. या प्रकरणात त्यांचा एक पैसाही गेला नाही. घडलेले कळल्यापासून ते सकाळच्या फेरीला दुसऱ्या रस्त्याने जातात, असे गुरुजी म्हणाले, आणि मग थोडे थांबून म्हणाले, ‘त्यांनी यावं. मी काही बोलणार नाही.’ ते सहकारीही आमचे वर्गणीदार आहेत.